मताधिकार मतांवर सोडायचा का?

न्यूझीलंडमधले मूलभूत हक्क १९९० च्या एका साध्या कायद्यात आहेत. तेव्हाचे न्यायमंत्री जेफ्री पामर यांनी १९८५ च्या श्वेतपत्रिकेत त्यांना सर्वोच्च कायद्याचा, म्हणजे संसदेच्या इतर कायद्यांच्या वरचा, दर्जा सुचवला होता. पण न निवडलेल्या न्यायाधीशांच्या हाती एवढी सत्ता देणं लोकांना रुचलं नाही. म्हणून कलम ४ आलं: न्यायालयाने संसदेचा कायदा रद्द करायचा नाही.

संसदेला राज्यघटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही, असं सांगणाऱ्या केशवानंद भारती खटल्यावर वाढलेल्या आपल्याला हे हक्क पोकळ वाटतात. मला मात्र ही रचना बरीच वर्षं मनापासून पटत आली आहे. चूक दाखवायची न्यायालयाने, दुरुस्त करायची ज्यांना आपण घरी बसवू शकतो त्यांनी. ब्रिटनचा १९९८ चा मानवी हक्क कायदाही असाच. दहशतवादाचा संशय असलेल्या परदेशी लोकांना बेलमार्श तुरुंगात खटल्याविना डांबणं हक्कांशी विसंगत आहे, एवढंच २००४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सना, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाला, म्हणता आलं. पुढच्याच वर्षी संसदेने ती तरतूद बदलली.

पण २०१० चं काय करायचं? त्या वर्षी न्यूझीलंडच्या संसदेने शिक्षा भोगणाऱ्या सगळ्याच कैद्यांचं मत काढून घेतलं. विधेयक हक्कांच्या कायद्यात बसत नाही, असा अहवाल खुद्द ॲटर्नी जनरल ख्रिस फिनलेसन यांनी दिला होता. तरी ते मंजूर झालं. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने विसंगती जाहीर केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्यांना मत परत मिळालं ते २०२० मध्ये. आणि २०२५ मध्ये सरकारने पुन्हा सरसकट बंदीची घोषणा केली!

'पटत नसेल तर सरकार बदला' हे त्या कैद्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? मतदानाचं वय बदलायला तिथे ७५ टक्के खासदार किंवा सार्वमत लागतं. कैद्याचं मत काढायला साधं बहुमत पुरतं. बाकी हक्कांवर शेवटचा शब्द संसदेचा असू दे, मी आजही त्याच बाजूने बोलेन. पण मताचा हक्क कोणाला द्यायचा हे ज्यांच्याकडे मत आहे त्यांनीच साध्या बहुमताने ठरवावं, हे मला मान्य नाही. वयाला आहे तेवढं कुलूप कैद्यांच्या मतालाही हवं.

नुसतं न्यायालय बलवान असून भागत नाही, हेही आपल्याला ठाऊक असायला हवं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) मुळे आपल्याकडे कच्च्या कैद्यालाही मत देता येत नाही. कायदा रद्द करण्याची ताकद असलेल्या आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ते कलम वैध ठरवलं. त्याच आरोपात जामिनावर सुटलेला माणूस मतदान करून येतो, आणि जामिनाचे पैसे न जमलेला आत बसून राहतो.