ओळख नंतर, घंटी आधी

मुंबईच्या कोस्टल रोडलगतचा समुद्रकाठचा विहारपथ १५ ऑगस्ट २०२५ रोजी खुला झाल्यापासून एक तक्रार वरचेवर ऐकू येते. परदेशात म्हणे अनोळखी माणूसही हसून ‘मॉर्निंग’ म्हणतो, मुंबईकर मात्र मान वर करत नाही. म्हणजे आपल्याला शिष्टाचारच नाहीत.

इंग्लंडमध्ये राहून मला हे निदान साफ चुकीचं वाटतं. ब्रिस्टल ते बाथ हा १३ मैलांचा मार्ग जुन्या रेल्वेलाइनवर १९७९ ते १९८६ या काळात बांधला गेला. चालणारे आणि सायकलवाले एकाच पट्ट्यावर असतात. गावाबाहेर तुरळक माणसं भेटतात, तिथे लोक आवर्जून मान हलवतात. शहरात, ऑफिसच्या वेळी, कोणी कोणाकडे बघत नाही. मरीन ड्राइव्हच्या गर्दीत कोण कोणाला नमस्कार करणार? शिवाजी पार्कच्या फेरीत मात्र ‘काय काका, काल दिसला नाहीत?’ असतंच की.

इंग्लंडकडून काही उचलायचंच तर मागून येणाऱ्या सायकलवाल्यावर टाकलेली जबाबदारी उचलावी. ब्रिटनच्या हायवे कोडचा, म्हणजे रस्ता वापरण्याच्या नियमावलीचा, ६३वा नियम २९ जानेवारी २०२२ पासून सुधारित रूपात लागू आहे. चालणाऱ्याला खेटून किंवा वेगात, विशेषतः मागून, ओलांडू नका; गरज पडेल तिथे वेग कमी करा; घंटी वाजवून किंवा नीट हाक मारून आपण आल्याचं कळवा; समोरच्याला ऐकू येत नसेल किंवा दिसत नसेल, हेही लक्षात ठेवा.

सगळी मेख घंटी कधी वाजते यात आहे. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला पाच मीटर. वीस-पंचवीस मीटरवरून एकदा वाजवली की चालणाऱ्याला चार-पाच सेकंद मिळतात. तीन मीटरवर वाजवली तर तो दचकून बाजूला उडी मारतो आणि नेमका चाकासमोर येतो. ‘उजवीकडून!’ असं ओरडण्यातही धोका आहे, कारण अर्धवट ऐकून माणूस उजवीकडेच सरकतो. त्यापेक्षा लांबून ‘काका, सायकल येतेय’ म्हणावं, ब्रेकवर बोटं ठेवावीत, ते कुठे सरकतात ते बघावं आणि मगच पुढे काढावी. मागे जोडीदार असेल तर ‘अजून एक आहे’ हे सांगायलाच हवं. पहिली सायकल गेली की लोक पुन्हा मध्ये येतात, धडक तिथेच होते. कानात इअरफोन दिसले तर घंटीवर विसंबू नये, चालण्याच्या वेगावर यावं.

चालणाऱ्यांनीही चौघांची रांग करून रस्ता अडवू नये, कुत्र्याचा पट्टा आखूड धरावा आणि सेल्फीसाठी थांबताना कडेला व्हावं.

पण सगळा भार माणसांच्या वागण्यावर टाकणं मला मान्य नाही. ब्रिटनमध्ये चालणारे आणि सायकलवाले यांच्यात विभागलेल्या मार्गाच्या तोंडाशी उंचवट्यांच्या फरशा बसवतात. चालणाऱ्यांच्या बाजूला पट्ट्या आडव्या, सायकलच्या बाजूला उभ्या, म्हणजे पांढरी काठी घेऊन चालणाऱ्यालाही आपली बाजू कळते. आपल्याकडे पवई तलावाकाठचा सायकल ट्रॅक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बेकायदा ठरवला, आणि ते पर्यावरणाच्या दृष्टीने योग्यच झालं. वांद्रे-कुर्ला संकुलातले (बीकेसी) सायकल ट्रॅक काढून रस्ते रुंद करायचं मात्र महानगर विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) २०२५ मध्ये ठरवलं. सायकलवाल्याची हक्काची जागा अशी काढून घेतली की तो चालणाऱ्यांतच शिरणार. म्हणून विहारपथावर तरी महापालिकेने अशा फरशा बसवाव्यात, आणि रविवारी संध्याकाळी गर्दी दाटली की सायकलवाल्यांनी उतरून सायकल हातात धरून न्यावी.