कापू की नको?

माझ्या जुन्या पिकअपची लांबी हा घरात मतभेदाचा आणि घराबाहेर एकमताचा विषय आहे. ज्यांच्या खिशातून दमडीही जाणार नाही, त्या सगळ्यांचं म्हणणं एकच: कापून टाक.

गाडी १९७१ची शेवरोले सी-१०. मागचा हौदा आठ फुटी, म्हणजे लाँग-बेड. हाच ट्रक साडेसहा फुटी हौद्यातही मिळायचा. त्या काळी कामाधंद्याची अमेरिकन माणसं आठ फुटीच घेत, कारण चार बाय आठचा प्लायवुडचा तक्ता आत सपाट मावतो आणि शिवाय मागचा फाळकाही बंद होतो. आता हे ट्रक हौशी लोकांच्या हातात आलेत. हौशी माणसाला काय मावतं याच्याशी देणंघेणं नसतं, कसं दिसतं याच्याशी असतं. त्यामुळे आखूड हौद्याच्या गाडीकडे लोक वळून बघतात, आणि माझ्या गाडीकडे बघून विचारतात, "शनिवारी मोकळी आहे का?"

ऐकणाऱ्याला वाटतं, मागून दीड फूट उडवला की झालं. तसं केलं तर मागची चाकं हौद्याच्या टोकाशी येतील आणि गाडी बघणारे हसून हसून लोळतील. दोन आसांमधलं अंतर १२७ इंचांवरून ११५वर आणायचं, म्हणजे १२ इंच केबिन आणि मागच्या चाकांच्या मधून जाणार, उरलेले चाकांच्या मागून. चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, सरळ उभी कापायची नाही. झेडसारखी पायरी काढून कापायची, म्हणजे सगळा जोड एका रेषेत येत नाही. मग आतून पट्टी मारायची. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, आखूड करून बॅलन्स करायचा. ब्रेकचा पाइप, हँडब्रेकची केबल, मागच्या दिव्यांच्या वायरी, सगळ्यांना आपापली जास्तीची लांबी सोडावी लागते. सुटते ती फक्त पेट्रोलची टाकी, कारण या मॉडेलात ती केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे असते. शेकोटीला टेकून बसावं तसे आम्ही पन्नासेक वर्षं बसतोय; तिकडे बोट दाखवून कुणी म्हणत नाही, हे काहीतरी बदलायला हवं. बदलायला हवी ती लांबी!

आणि हौदा वेगळाच. त्याच्या दोन्ही बाजू चाकाच्या कमानीपुढे आणि कमानीमागे कापून जोडायच्या, किंवा नवे आखूड पत्रे आणायचे. सरळ आखूड ट्रकच विकत घ्यावा, हा खरा शहाण्याचा सल्ला. पण आखूडवाल्याला आपल्याकडे काय आहे ते पक्कं माहीत असतं, आणि माझा विकायला काढला की लोक भाव करताना आठ फुटांकडे दुःखाने बघतात.

शेवटी चासीचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या वेल्डरकडे गाडी नेली. तो पाठीवर झोपून खाली सरकला आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चासी ठोकत गेला. पुढे टण्ण, मधे टण्ण, मागच्या चाकापाशीही टण्ण. बाहेर आला तेव्हा भुवईवर तांबूस भुगा होता, पण चेहरा पडलेला.

"निरोगी आहे," तो म्हणाला. "सडलेली असती तर मी न विचारता कापली असती."

मग हात पुसत विचारलं, "यातून वाहता काय तुम्ही?"

"मित्रांचं सामान."

"मग कापा. मित्र कमी होतील."

दिसण्याचं मला तेवढं काही नव्हतं, पण हा मुद्दा काळजाला भिडला. घरी येऊन हौद्याचा जो भाग जाणार, त्यावर पुठ्ठे चिकटवले आणि लांब उभा राहून एक डोळा मिटून बघितलं. बायको आली, तिनेही एक डोळा मिटला.

"बरी दिसते रे. पण सोफा कुठे ठेवशील?"

"आपल्याला कुठे सोफा हलवायचाय?"

"आपला नाही. लोकांचा."

बातमी फुटली आणि बाहेरचं एकमतही फुटलं. 'कापून टाक'वाले एकेक करून फोनवर हळूच सांगायला लागले: कापच, पण महिनाअखेरीनंतर काप, आम्ही घर बदलतोय. एकाने तर कापण्याची तारीख मागितली, म्हणजे त्याला गाद्या त्याआधी आणता येतील.

माझं मत विचाराल तर सडलेली चासी कापावी, धडधाकट कापू नये. काढलेले १२ इंच पुन्हा कुणी लावून देत नाही. पण मित्र कमी होण्याचं आमिष वाईट. मी जवळजवळ होकार कळवणार होतो, तेवढ्यात नेहमीचा एक मित्र टेप घेऊन आला.

"हे बघ, साडेसहा फूट हौदा राहील. फाळका उघडा ठेवला की त्याचे दीडेक फूट. झाले की नाही आठ? प्लायवुड आरामात येतं. तू बिनधास्त काप, आमची काळजी करू नकोस."

"मग कापायचं कशाला?"

"दिसायला!" तो म्हणाला. "बरं, तो फाळका उघड आधी. फ्रिज बाहेर काढून ठेवलाय."