वढवाण्याच्या चिखलातलं बॅकग्राउंड: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

सही ‘दांडिया बाजारातला काका’ अशी आहे, म्हणून काकाच म्हणते. बडोद्याजवळच्या वढवाणा तळ्यावर मी काढलेले छोट्या टिलव्यांचे, म्हणजे चिखलात चरणाऱ्या चिमुकल्या पाणपक्ष्यांचे, फोटो पाहून तुम्ही लिहिलंत की पक्षी छान आलेत, पण मागचं सगळं धुऊन काढलंय. ना बांध दिसतो, ना गाव, हे वढवाणा की कच्छ कसं ओळखायचं? आणि मागचं धूसरच करायचं तर कॉम्प्युटरवर करावं, त्यासाठी चिखलात कशाला लोळायचं?

लोळण्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. तुम्ही काठावर उभे आहात, लेन्स जमिनीपासून १.५ मीटरवर, टिलवा १० मीटरवर. त्याचा डोळा जमिनीपासून साधारण १० सेंटीमीटर. तुमची नजर त्याच्या डोक्यावरून तिरपी खाली जाते आणि त्याच्यामागे पाऊण मीटरच्या आतच चिखलाला टेकते. म्हणजे बॅकग्राउंड पक्ष्याला जवळजवळ चिकटलेलं. ढेकळं, काड्या, गुटख्याचं चकचकीत पाकीट, सगळं ओळखू येतं. आता आडवे व्हा, लेन्स २० सेंटीमीटरवर आणा. तीच नजर पक्ष्यामागे आणखी १० मीटर जाऊन जमिनीला टेकते. ६०० मिलिमीटरची लेन्स एफ ६.३ या ॲपर्चरवर असेल (हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं आणि मागचं जास्त धूसर), तर उभ्याने मागचा एखादा ठिपका, पक्ष्याच्या जागी मोजला तर, जेमतेम ६ मिलिमीटर पसरतो. आडवं झाल्यावर ४८. टिलवा चोचीपासून शेपटीपर्यंत १४ सेंटीमीटर, त्याच्यामागे हा फरक केवढा पडतो ते बघा. लेन्स तीच, ॲपर्चर तेच. फोटोग्राफर फक्त खाली आला.

आणखी खाली, पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला गेलं की नजर जमिनीला टेकतच नाही, थेट पलीकडच्या काठाला जाते. तुम्हाला धुऊन काढलेला वाटला तो हिरवट-करडा पट्टा म्हणजे त्या काठावरच्या बाभळी आहेत. मात्र इथे एक अडचण येते, आणि माझ्या मते बॅकग्राउंडचा खरा त्रास हाच आहे: क्षितिजाची रेघ नेहमी लेन्सच्या उंचीला असते, म्हणून ती पक्ष्याच्या बरोबर डोळ्यातून जाते. पाणी चकाकत असेल आणि मागचा काठ काळपट असेल, तर डोकं अर्धं उजळ, अर्धं गडद दिसतं. तेव्हा बीनबॅग (लेन्सखाली ठेवायची दाणे भरलेली पिशवी) दाबून लेन्स चार बोटं खाली घ्यायची किंवा वर उचलायची. मागे पांढरा बगळा उभा असेल तर हातभर बाजूला सरकायचं. यापलीकडे उपाय नाही, आणि बहुतेक वेळा एवढा पुरतो.

कॉम्प्युटरवर हे होत नाही असं मी म्हणत नाही, पण करू नये असं ठामपणे म्हणते. टिलव्याचे पाय काडीसारखे काळे, ओल्या चिखलात त्यांचं प्रतिबिंब. सॉफ्टवेअरला पाय कुठे संपतो आणि प्रतिबिंब कुठे सुरू होतं ते बऱ्याचदा कळत नाही. ते पायांभोवतीचा चिखलही पुसून टाकतं. खऱ्या फोटोत पक्ष्याच्या अंतरावरची चिखलाची पट्टी स्वच्छ फोकसमध्ये असते. तिसरा फोटो मोठा करून बघा: टिलव्याच्या मागे चोचीने टोचलेल्या बारीक भोकांची रांग आहे, आणि शेवटच्या भोकाच्या तोंडाशी पाणी साठलंय. तो काय करत होता हे तिथे लिहिलेलं आहे. माझ्या लेखी ती भोकं बांधाइतकीच वढवाण्याची आहेत.

कारण हा चिखल कुठलाही नाही, वढवाण्याचाच आहे. खंभातच्या आखातावर भरती-ओहोटी दिवसातून दोनदा चिखल उघडा करते. वढवाणा हे सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, १९१० साली सिंचनासाठी बांधलेलं तळं. ओहोटी इथे कुठली! शेतीला पाणी सुटतं, तळं आक्रसतं आणि ओल्या चिखलाचा नवा काठ उघडा पडत जातो. थेट आर्क्टिकहून आलेला, ३० ग्रॅमच्या आसपास वजनाचा हा पक्षी तिथे पोट भरतो. २०२१ मध्ये तळ्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला. पाणथळीच्या पक्ष्यांना इथे जे मिळतं, त्याचा मोठा भाग या चिखलात आहे.

तरी जागा दिसायला हवी हे तुमचं म्हणणं मला पटतं. मग वेगळा फोटो काढावा: लहान लेन्स, मालगुजांचा (लांब चोचीच्या, मोठ्या पाणपक्ष्यांचा) थवा, मागे बांध आणि म्हशी, ॲपर्चर एफ ११. एकट्या टिलव्यामागे म्हैस आली की टिलवा हरवतो. थव्यामागे ती शोभते.

आणि मार्चनंतर मी तिथे आडवी होत नाही. टिटवी आणि शेकाट्या उघड्या काठावर अंडी घालतात, ठिपक्यांची, मातीच्या रंगाची. कोपराखाली येईपर्यंत दिसायची नाहीत. तेव्हा फोटो बांधावरून, उभ्याने. त्यांत गाव, म्हशी, ढेकळं, पाकिटं सगळं येईल आणि मी ते तसंच ठेवणार आहे.