परदेशातून: सिबिलची भीती भलत्याच जागी

आमच्या घरच्या ग्रुपवर गेले काही दिवस एकच वाद चाललाय. भाच्याला गोव्यात वेर्ण्याला नोकरी लागली, कंपनी म्हणते आम्ही सांगतो त्या बँकेत सॅलरी अकाउंट उघड, त्याचं डिचोलीत एक खातं आधीच आहे, आणि त्याला मोबाइलवरून अजून एक उघडायचंय कारण तिथे व्याज जरा बरं मिळतं. झालं. एका मावसभावाने फॉरवर्ड टाकला की महिन्याभरात दोन-तीन खाती उघडली की सिबिल पडतं, मग घराचं कर्ज विसरा. आणि खाली पुरवणी, परदेशात लोक एकच खातं ठेवतात म्हणून त्यांचा स्कोर चांगला असतो. लगेच सगळे म्हणे बरोबर आहे, इंग्लंडातल्या स्विंडनवाल्याला, म्हणजे मला, विचारा. विचारलं मात्र कोणीच नाही, माझ्या नावावर परस्पर निकाल लावून मोकळे झाले.

अहो, सेव्हिंग खात्याचा आणि सिबिलचा तसा संबंधच नाही. सिबिल म्हणजे उधारीचा हिशेब. कर्ज किती, क्रेडिट कार्ड किती वापरलं, हप्ता वेळेवर गेला की नाही, आणि कर्जासाठी कुठेकुठे अर्ज केला, एवढंच त्यात येतं. सेव्हिंग खातं उघडताना बँक पॅन बघते, आधार बघते, केवायसी करते आणि खातं देते, तुमच्या खात्यात किती शिल्लक आहे ते सिबिलच्या रिपोर्टात नसतंच. आणि हा हिशेब ठेवणारी सिबिल ही एकटी कंपनी पण नाही, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क धरून चार आहेत, क्रेडिट माहिती कंपन्यांच्या २००५ च्या कायद्याखाली चालतात, फक्त आपल्या तोंडात सिबिल बसलंय.

मेख एकाच जागी आहे आणि ती कोणी सांगत नाही. ॲपवर खातं उघडताना तिसऱ्या-चौथ्या स्क्रीनवर खाली बारीक अक्षरात एक चौकट येते, क्रेडिट कार्ड पण हवंय का, किंवा ओव्हरड्राफ्ट (खात्यात असतील त्याहून जास्त पैसे काढायची सोय), आणि कधीकधी त्यावर टिक आधीच मारलेली असते. ती तशीच ठेवून पुढे गेलात तर तो कर्जाचा अर्ज झाला, मग बँक तुमचा रिपोर्ट मागवते आणि त्याची नोंद राहते. एकाच आठवड्यात तीन बँकांत तीन अशा चौकटी राहिल्या तर तीन नोंदी, आणि पुढच्या बँकेला वाटतं ह्याला पैशाची एवढी कसली नड. एवढी एक टिक काढली की भाच्याने हवी तेवढी खाती उघडावीत. मिनिमम बॅलन्सचा दंड बसेल ती गोष्ट वेगळी, आणि खातं दुसऱ्याला वापरायला दिलं तर थेट पोलीस येतील ती त्याहून वेगळी.

आता परदेशाचं ऐका, कारण ते माझ्या नावावर खपवलंय. इथे ब्रिटनमध्ये तर उलट आहे. साधं रोजच्या वापराचं करंट अकाउंट उघडतानाच बँक क्रेडिट फाइल, म्हणजे इथलं सिबिल, बघू शकते, कारण खात्याबरोबर ओव्हरड्राफ्ट असू शकतो. काही बँका सॉफ्ट सर्चवर, म्हणजे फाइलवर नुसती नजर टाकून, भागवतात, तो दुसऱ्या बँकेला दिसत नाही, पण हार्ड सर्च, म्हणजे पूर्ण तपासणी, झाली तर त्याची खूण वर्षभर तरी राहते, काही एजन्सींकडे दोन वर्षं. म्हणून मॉर्गेजच्या, म्हणजे घरकर्जाच्या, आधी काही महिने नवीन काही उघडू नको म्हणून ब्रोकर सांगतात. नवराबायकोने जॉइंट अकाउंट काढलं तर दोघांच्या फाइली एकमेकींना जोडल्या जातात, म्हणजे त्याच्या थकबाकीची झळ तिलाही. आणि तरीसुद्धा इथे लोक एकच खातं ठेवत नाहीत! २०१३ पासून बँक बदलायची स्विच सर्व्हिस आहे, ७ कामाच्या दिवसांत सगळे डायरेक्ट डेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप जाणारे पैसे, नवीन बँकेत जातात, काही बँका वर दीडशे-दोनशे पौंड देतात, माझ्याबरोबर वेअरहाउसला असलेले लोक दरवर्षी बँक बदलतात. फक्त ते एका वेळी एक बदलतात आणि आधी आपली फाइल बघतात. आपल्याकडे फाइल न बघताच भांडतात.

आणि गोव्यात चार खाती ठेवणाऱ्याला हावरट म्हणायचं काही कारण नाही. म्हापसा अर्बन ह्या सहकारी बँकेचं लायसन्स २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केलं, मडगाव अर्बनचं २०२१ मध्ये. ठेवीला विमा आहे तो एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंत, सगळ्या शाखा मिळून आणि व्याज धरून, आणि ते ५ लाख पण फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी १ लाखच होते. निवृत्तीचे पैसे आलेल्या माणसाने ते दोन-तीन बँकांत वाटून ठेवले तर तो शहाणाच म्हणायचा.

खरी भीती कुठे हवी ते सांगतो. मागच्या खेपेला घरी होतो, गणपतीची चवथ जवळ आलेली, ओळखीतला एकजण कागद घेऊन आला. सहकारी बँकेचं कर्ज, जामीन हवा. चहा झाला, पावसाच्या गोष्टी झाल्या, मग त्याने पेन्सिलीने फुल्या मारलेली पानं दादापुढे सरकवली, फक्त सही बाकी काही नाही. दादाने चष्मा शोधला आणि एकही ओळ न वाचता सगळ्या फुल्यांवर सह्या केल्या. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. बँकेने ते सिबिलसारख्या कंपन्यांना कळवलं की कर्ज जामीनदाराच्या रिपोर्टातही दिसतं, आणि कर्जदाराने हप्ते थकवले तर फटका जामीनदारालाही बसतो. हाच दादा आज भाच्याला सांगतोय, खातं उघडू नको.

पण त्या दिवशी मला लागलं ते वेगळंच. तो माणूस माझ्या शेजारी बसला होता आणि कागद मला ओलांडून पलीकडे गेले. बरोबरच आहे, पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, भारतीय सरेंडर केला, गावचं खातं नियमाप्रमाणे एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं, करून घेतलं, मला कोण कशाला जामीन घेईल. इथे आलो तेव्हा इथल्या बँकांच्या लेखी पण मी कोणी नव्हतो, गावी कधी एक हप्ता चुकवला नाही पण तो हिशेब समुद्र ओलांडून येत नाही, साधा महिन्याचा मोबाइल प्लॅन मिळेना. नंतर भाडं, इलेक्टोरल रोल म्हणजे मतदारयादीत नाव, असं करत करत फाइल भरली, आज ती चांगली आहे, मला तिचा अभिमान आहे. पण वडिलांच्या नावावर ज्या गावात मला कोणीही उसने पैसे दिले असते तिथे माझी सही आता कोणाला नको, हे काही केल्या पचत नाही. ग्रुपवर एवढा तावातावाने लिहितो ते त्यामुळेच असेल. हक्क सांगायला दुसरी जागा उरली नाही.

तर आता ऐका. ज्यांनी ज्यांनी जामीन म्हणून सह्या केल्यात त्यांनी ह्याच आठवड्यात आपला रिपोर्ट काढा. २०१७ पासून चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो, आणि स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोर पडत नाही, ही पण एक अफवाच आहे. चूक दिसली तर लेखी तक्रार करा, ३० दिवसांत सुटली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे, एप्रिल २०२४ पासून. कोणाला ते फॉर्म जमत नसतील तर मला व्हिडिओ कॉल लावा, मी संध्याकाळी शिफ्टवरून सुटतो, तुमची तेव्हा रात्र असेल, पण एकेकाचा बसून भरून देईन. ओटीपी मात्र मलासुद्धा सांगायचा नाही.