विकास शुल्क भरलं, पाणी कुठाय?

पुण्यातल्या बिल्डरांनी विकास शुल्क, म्हणजे बांधकाम परवानगीसाठी भरायचे पैसे, थकवल्याची बातमी सगळ्यांनी वाचली होती. त्यामुळे महापालिकेचे किती आणि पीएमआरडीएचे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे, किती हे कुणी सांगत बसलं नाही. नऱ्ह्याच्या कोपऱ्यावर बिल्डर सुन्यानेच तोंड फोडलं.

"भरायचं आम्ही, शिव्याही आम्हालाच. कोट्यवधी भरलेत यार विकास शुल्काचे."

"कोट्यवधी?" विद्या सोसायट्यांचे हिशेब तपासते, तिच्यासमोर असा मोघम आकडा टाकायचा नसतो. "अण्णा, मांडा बरं."

अण्णांची उभी नोकरी बांधकाम परवानगी विभागात गेली. त्यांनी पेपरच्या कडेलाच आकडेमोड सुरू केली. "भूखंड २००० चौरस मीटर. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी, जमिनीचा दर मीटरला २० हजार धर. निवासी असेल तर जमिनीवर अर्धा टक्का, म्हणजे मीटरला १००, झाले २ लाख. बांधकामावर दोन टक्के, मीटरला ४००. बांधकाम ४००० मीटर, म्हणजे १६ लाख. एकूण १८. दुकानं असतील तर त्या भागाला दुप्पट दर."

"पन्नास फ्लॅट," विद्या म्हणाली. "फ्लॅटमागे ३६ हजार. आणि सुन्या, 'इन्फ्रा चार्जेस' म्हणून गिऱ्हाइकाकडून तू किती घेतोस?"

सुन्याचा फोन नेमका तेव्हाच वाजला. अडचणीचा प्रश्न आला की त्याला साहेबांचा फोन येतो. दोन मिनिटं "हो साहेब, झालंच साहेब" करून तो परतला तो थेट प्रीमियमवर. "प्रीमियम एफएसआय धर ना, जादा बांधकामाचे पैसे! ३५ टक्के!"

हा मुद्दा खरा आहे आणि अण्णांनी तो नाकारला नाही. याच भूखंडावर १००० मीटर प्रीमियम घेतला तर २० हजाराचे ३५ टक्के, मीटरला ७ हजार, म्हणजे ७० लाख. त्यातला निम्मा राज्याच्या तिजोरीत जातो. बांधकाम खर्चावरचा एक टक्का कामगार उपकर वेगळाच. तो पालिका फक्त गोळा करते, जातो कामगार कल्याण मंडळाकडे.

"२०२१ मध्ये सरकारने प्रीमियम निम्म्यावर आणला होता," विद्या म्हणाली. "तेव्हा भाव किती उतरवलास?"

"स्टँप ड्यूटी आम्ही भरली ना गिऱ्हाइकाची!"

"ती सवलतीची अटच होती, सुन्या. उपकार नव्हे."

मग गळती कुठे होते यावर अण्णा बोलले आणि कट्टा गप्प बसून ऐकत राहिला. पहिली गळती तारखेची. दर परवानगी देतानाच्या वर्षाचा लागतो, त्यामुळे १ एप्रिलला दर वाढणार अशी कुणकुण लागली की मार्चअखेर फायलींचा ढीग पडतो आणि घाईत क्षेत्रफळं नीट तपासली जात नाहीत. दुसरी सुधारित नकाशाची. मूळ मंजुरीला पैसे भरले, पुढे दोन मजले वाढले, तर वाढीव क्षेत्राचं चलन निघालं पाहिजे. फाईल दुसऱ्या टेबलावर गेली की जुनंच चलन पुढे चालतं. तिसरी पार्किंगची. नकाशात तळमजल्यावर गाड्या आणि भोगवटा दाखला, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, हातात पडला की शटर. निवासी दराने भरायचं आणि व्यापारी भाड्याने खायचं.

"आणि शुल्क हप्त्यांनी भरतात ते?" विद्याने विचारलं.

"तिथेच तर सगळं हातचं जातं. वसुलीला जोर असतो तो भोगवटा द्यायच्या आधी. बाकी शिल्लक असताना पार्ट ओसी, म्हणजे इमारतीच्या काही भागाचा भोगवटा, दिली की लोक राहायला येतात आणि बिल्डरला पूर्ण भोगवट्याची घाई उरत नाही. मग धनादेश परत येतो, नोटीस जाते. कायद्याने थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल करता येते. पण तोवर भागीदारी संस्था गुंडाळलेली असते आणि जप्तीला जायचं कुणाच्या दारात? ज्यांनी आयुष्याची कमाई घातली त्यांच्या?"

सुन्या म्हणाला, सगळे बिल्डर तसे नसतात. कल्याण-डोंबिवलीच्या ६५ इमारतींचं नाव निघताच मात्र तो बेंचवर सरकून बसला. तिथे परवानगीच खोटी, तिच्यावर रेराची नोंदणी. अण्णांचं म्हणणं साधं आहे: परवानगीचा क्रमांक, चलनाचा क्रमांक आणि लेखा विभागातली जमा, तिन्ही कुणालाही घरबसल्या जुळवून पाहता आली पाहिजेत. बनावट शिक्का मारता येतो, तिजोरीत नसलेले पैसे दाखवता येत नाहीत.

"पण मुळात पैसे घेतले कशासाठी?" विद्याचा आवाज चढला. "२०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली. तेव्हा परवानगी पीएमआरडीएची, शुल्कही त्यांच्याकडे. रस्ता, पाणी, ड्रेनेज पालिकेने द्यायचं. पालिका म्हणते पैसे नाहीत, ते म्हणतात गावं तुमची. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या नांदेड, किरकटवाडी या गावांत जीबीएस हा मज्जातंतूंचा आजार आला तेव्हा कळलं की विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्राशिवाय नळात सोडलं जातंय."

"आम्ही हमीपत्र देतो की, पालिकेचं पाणी येईपर्यंत आम्ही पुरवू," सुन्या.

"ते हमीपत्र सोसायटी ताब्यात येईपर्यंत. नंतर टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये!"

विद्याचं हे म्हणणं मला शंभर टक्के पटतं. कायद्यात या पैशाचा स्वतंत्र विकास निधी सांगितलाय, पण तो खर्चायचा आहे प्राधिकरणाच्या सगळ्या हद्दीत. म्हणजे वाघोलीतून घेतलेला पैसा दुसऱ्याच टोकाच्या रस्त्यात गेला तरी नियमभंग नाही. गाववार जमाखर्च छापला गेला पाहिजे: किती आले, पाइपलाइनला किती गेले. त्याशिवाय ही भांडणं आकड्यांवर येणारच नाहीत.

"छापा, छापा," सुन्या उठला. "चला, मला साइटवर जायचंय."

"गणपतीची वर्गणी?" मागून बंड्याने विचारलं. "दोन वर्षांची बाकी आहे."

"निम्मी दिली होती ना!"

"म्हणून तुला आरतीला पार्ट ओसी दिली होती," विद्या म्हणाली. "प्रसाद पूर्ण भरल्यावर."

अण्णांना ठसका लागला. सुन्या हसत हसत खिसे चाचपत राहिला आणि मग गूगल पेचा पिन आठवत नाही म्हणाला.