बालवाडीला शिकवायला काय लागतं? फिरत्या मेसेजला उत्तर

‘बालवाडीला शिकवायला कसलं शिक्षण लागत नाही. गाणी येत असली, मुलांची आवड असली की पुरे. स्वतःची मुलं वाढवलेल्या बाईला हे जमतंच. डी.एड., बी.एड. असेल तर प्रश्नच मिटला. अनुताई वाघांनी कुठे कोर्स केला होता?’ दर जूनला हा मेसेज फिरतो. मी अकरा वर्षं छोट्या गटाला शिकवते. हे वाचून ओळखीतल्या दोघींनी कोर्स अर्धवट सोडला, म्हणून लिहिते आहे.

शिक्षण लागतं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार बारावीला किमान ५० टक्के गुण आणि पूर्वप्राथमिकची किमान दोन वर्षांची पदविका, नाहीतर नर्सरीचं बी.एड. हवं. गैरसमज होतो तो वेगळ्या कारणाने. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे, त्यामुळे टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, सक्तीही पहिलीपासून पुढे. गल्लीतल्या खासगी नर्सरीत कोण शिकवतं, हे तपासायला सहसा कुणी येत नाही. तिथे बिनशिकलेली मुलगी स्वस्तात मिळते आणि संस्थाचालकांना तेच परवडतं.

आईपणाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपतो. आई आपल्या मुलाला जन्मापासून ओळखत असते. माझ्यासमोर जूनमध्ये पंचवीस अनोळखी मुलं बसतात. कुणी रडतंय, कुणी चावतंय, एखाद्याच्या घरी अहिराणी बोलतात म्हणून तो गप्प. साडेतीन वर्षांच्या मुलाने ओळीत ‘अ’ काढावा असं पालकांना वाटतं. त्याची बोटं अजून तयार नाहीत, हे मी कोर्समध्ये शिकले. आधी माती मळायची, मणी ओवायचे, कागद फाडायचे, चिमटीने चिंचोके उचलायचे, पेन्सिल नंतर. तिथे आम्हाला एकाच मुलाकडे तासभर बघून नोंद करायला लावत. तेव्हा कंटाळा यायचा. पुढे वर्गातली एक मुलगी, जिला सगळे हट्टी म्हणत, ती पाठीमागून हाक मारली की कधीच वळत नाही हे त्याच सवयीमुळे माझ्या लक्षात आलं. तिला ऐकू कमी येत होतं. घरात कुणाला कळलं नव्हतं, आणि त्यात तिच्या आईचा काही दोष नव्हता.

डी.एड. (आताचं डी.एल.एड.) पहिलीपासून पुढच्या वर्गांसाठी आहे. बी.एड. तर पहिली ते पाचवीसाठीही चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ ला सांगितलं. मग तीन वर्षांच्या मुलांसाठी ते आपोआप कसं चालेल?

बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या अनुताईंबद्दल असं लिहिलेलं वाचून वाईट वाटतं. १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांकडे जाण्याआधी त्या प्रशिक्षित शिक्षिका होत्या, पुण्यात हुजूरपागेत शिकवत होत्या. ताराबाई स्वतः पदवीधर. या दोघींनी बोर्डी-कोसबाडला मुलांना शिकवलं, तशा शिक्षिकाही तयार केल्या.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मला मान्य आहे: मुलांची आवड नसेल तर या कामात पडू नये.

ज्यांना प्रवेश घ्यायचा आहे त्यांनी ‘नर्सरी टीचर’ची सहा महिन्यांची प्रमाणपत्रं बघून भुलू नये. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहा महिन्यांचा कार्यक्रम आहे, पण तो बारावी झालेल्या आणि आधीच काम करत असलेल्या अंगणवाडी सेविकांसाठी. कमी शिकलेल्या सेविकांना एक वर्षाचा. बाकीच्यांनी फी भरण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: कोर्स दोन वर्षांचा आहे का, आणि परिषदेची मान्यता कागदावर दाखवता का?