अंगाला साबण लागेपर्यंत थांबा

गीझर बिघडलाय हे जाहीर करायची योग्य वेळ एकच. डोक्यात शाम्पू, डोळे मिटलेले, हात चाचपडत नळ शोधतोय आणि वरून थंडगार धार. त्याआधी कोणी काहीही सांगितलं तरी मानू नका. पूर्वी दोन बादल्या कडक पाणी यायचं, आता दीडच येतं? घरातले लोक जास्त अंघोळ करू लागलेत. पाण्याला तांबूस छटा आहे? बादलीच तशी आहे. लाल दिवा मध्येच विझतो, मध्येच लागतो? डोळे मिचकावतोय, लाघवी आहे बिचारा.

गीझर बोलतो, हे तर नक्कीच मनावर घेऊ नका. आधी नुसती टकटक, मग खदखद, आणि वर्ष-दीड वर्षाने आत कोणी खडी परततंय असा आवाज. याचं कारण शाळेत शिकवलं होतं, त्या दिवशी आपण खिडकीबाहेर बघत होतो. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की त्याचं कार्बोनेट होतं. चारचौघांसारखं वागून गरम पाण्यात जास्त विरघळावं, तर हे पठ्ठं कमीच विरघळतं, आणि जिथे सगळ्यात जास्त ऊब तिथेच जाऊन बसतं. म्हणजे कॉइलवर. थरावर थर चढतो, उरलेला चुरा टाकीच्या तळाशी साठतो, त्याखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते, बुडबुडे फुटतात, आणि आपण म्हणतो, जुना झाला की आवाज करायचाच. आपणही करतोच की.

तर कॉइल गोधडी पांघरून बसली आहे आणि पाणी कोमट येतंय. अशा वेळी टाकी रिकामी करून धुवायची, कॉइलवरचा थर काढून घ्यायचा, असले उद्योग माहितीपुस्तिका सुचवते. माहितीपुस्तिका हा दुबळ्या मनाच्या लोकांचा आधार आहे. तुम्ही तापमानाचा नॉब फिरवा. शेवटच्या रेघेपर्यंत. पाणी जितकं जास्त तापेल तितका क्षार जास्त बसेल, क्षार जितका जास्त बसेल तितकं कोमट वाटेल, आणि नॉबला पुढे जागा उरणार नाही तेव्हा तुम्ही निर्धास्तपणे म्हणू शकाल, कंपनीचा मालच खराब.

काहींचा कल उलटा असतो. वीज वाचवायची म्हणून ते नॉब चाळिसावर आणून ठेवतात. हेही उत्तम. साठवलेलं कोमट पाणी ही लेजिओनेला नावाच्या जिवाणूची आवडती वसाहत आहे. साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये तो खूश असतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात ‘अमेरिकन लेजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं, तिथे न्युमोनियाची साथ आली आणि त्या ‘लेजन’वरून जिवाणूला नाव मिळालं. तिथे संशय हॉटेलच्या वातानुकूलन यंत्रणेवर गेला होता, पण शॉवरच्या बारीक तुषारांतून फुप्फुसात शिरायलाही त्याची हरकत नसते. म्हणून जाणकार सांगतात, साठवताना पाणी साठ अंशांवर ठेवा आणि वापरताना थंड मिसळा, कारण साठ अंशांचं पाणी थेट अंगावर पडलं तर पाच-एक सेकंदांत गंभीर भाजतं. साठवायचं एका तापमानाला आणि वापरायचं दुसऱ्या, एवढी गुंतागुंत कोणाला झेपते? तुम्ही एक टोक धरा आणि त्यालाच चिकटून राहा.

आता टाकीतल्या एका पात्राबद्दल सांगतो, ज्याला तुम्ही कधी भेटलेला नाहीत आणि भेटणारही नाही आहात. लोखंडी टाकीला आतून काचेसारखा मुलामा असतो. त्या मुलाम्यात कुठे ना कुठे बारीक भेग असतेच, आणि तिथून गंज सुरू होऊ शकतो. म्हणून आत मॅग्नेशियमची एक कांडी लटकवलेली असते. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील, त्यामुळे गंजायची पाळी आली की ते म्हणतं, आधी मी. टाकी टिकते, कांडी झिजते. ही युक्ती जुनी आहे. १८२४ मध्ये हंफ्री डेव्हीने जहाजांच्या तळाचे तांब्याचे पत्रे वाचवण्यासाठी त्यांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांबं खरंच वाचलं. पण तांब्याचा विषारी अंश पाण्यात झिरपणं थांबल्यामुळे समुद्री जीव त्या तळांना मजेत चिकटू लागले आणि जहाजं मंदावली. (मला ही गोष्ट फार आवडते. एवढा मोठा शास्त्रज्ञ, आणि त्याला कालवांनी हरवलं.)

आपल्या कांडीला असा कोणी वैरी नाही. तिला फक्त वेळ लागतो. पाणी जितकं खराब तितकी लवकर ती झिजून मधली तार तेवढी उरते. बदलायला फारसा वेळ लागत नाही आणि नव्या टाकीच्या मानाने खर्चही किरकोळ. म्हणूनच ती बदलू नका. तिचं नावही घरात काढू नका. मेकॅनिकही काढणार नाही. दोघांमध्ये एक अबोल समजूत असते. तुम्हाला आज खर्च नको असतो, त्याला दोन वर्षांनी नवीन गीझर बसवायचा असतो. कांडीने मात्र कोणाशीच करार केलेला नसतो. ती संपते, आणि तिच्यानंतर टाकीची पाळी येते.

मग ठिबकतं. ठिबकण्याचे दोन प्रकार आहेत, आणि ते एकमेकांत मिसळून टाकणं हे अनुभवी गृहस्थाचं लक्षण. एक ठिबक टाकीच्या बुडातून येते. ती म्हणजे मृत्युपत्र. दुसरी बाजूच्या, जादा दाब सोडणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हमधून येते, आणि ती बऱ्याचदा गीझर शुद्धीवर असल्याची खूण असते. वीस अंशांचं पाणी साठ अंशांपर्यंत तापवलं की ते सुमारे दीड टक्का फुगतं. पंचवीस लिटरच्या टाकीत हे पावशेर-दीड पावशेर पाणी झालं, आणि मागे जायला वाट नसेल तर ते त्या व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं. तुम्ही व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच मारा. घट्ट. वर टेप गुंडाळा. फरशी कोरडी राहील, घरात शांतता नांदेल. पुढे एखाद्या दिवशी पाणी तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट चिकटला, तो चुकला तर वीज तोडायला ठेवलेल्या कटआउटनेही दगा दिला, तर पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर जाईल, टाकी फाटेल आणि दाब सुटताच त्यातलं काही पाणी एका क्षणात वाफ होईल. वाफेला पाण्यापेक्षा सुमारे सतराशेपट जागा लागते. तेवढी जागा तुमच्या बाथरूममध्ये नाही. ती भिंतीपलीकडे मिळेल.

विजेचंही असंच. थराखाली तापून तापून कॉइलचं आवरण एक दिवस तडकतं, वीज पाण्यात उतरते, आणि ३० मिलिअँपियरच्या गळतीवर पडणारं ते आगाऊ ब्रेकर अंघोळीच्या मध्यात खटकन पडतं. ब्रेकर वाईट आहे हे उघड आहे. ब्रेकर पडल्यामुळेच पाणी थंड येतं ना? बायपास करून देणारा माणूस मिळतो. अर्थिंगची तार पिनला जोडलेली आहे की नुसतीच प्लगात गुंडाळून ठेवली आहे, हेही त्याला विचारू नका. उगाच त्याच्या कामावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं.

गॅसचा असेल तर खिडकी बंद करा. थंडी आत येते. १८६८ मध्ये लंडनमधल्या बेंजामिन वॅडी मॉन या रंगाऱ्याने ज्या यंत्राला प्रथम गीझर हे नाव दिलं, त्यातही धूर बाहेर न्यायला नळी नव्हती. म्हणजे तुम्ही परंपरेचे पाईक ठरता. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरायची त्याला सवय आहे. डोकं दुखायला लागलं तर वाटेल, रात्री झोप नीट झाली नसेल. या परिच्छेदात मला विनोद फारसा सुचला नाही. पुढे जाऊ.

तर शेवटी ती थंडगार धार आली आणि तुम्ही साबणासकट बाहेर येऊन फोन लावलात. आता मेकॅनिकशी कसं वागायचं ते नीट ऐका. फोनवर बिघाड सांगताना नेमकं काहीही सांगू नका. ‘चालत नाहीये’ एवढंच. किती लिटरचा, किती वर्षांचा, दिवा लागतो की नाही, ब्रेकर पडतो की नाही, हे सांगितलं तर तो योग्य सुटा भाग घेऊन येईल आणि काम एका फेरीत संपेल. मग दुसऱ्या फेरीची मजा काय?

तो येईल. वर बघेल. पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘हे कोणी बसवलंय?’ हे वाक्य या धंद्यातला नमस्कार आहे. आपणच बोलावलेल्या मागच्या माणसाबद्दल आपणही तुच्छतेने मान हलवायची. मागच्यानेही त्याच्या मागच्याबद्दल हेच म्हटलं होतं, आणि आज आलेल्याबद्दल पुढचा हेच म्हणणार आहे.

दुसरं वाक्य: ‘कॉइल गेली.’ कॉइल जाते, यात शंका नाही. पण ती गेली की नाही हे तपासायला मीटर लागतो आणि दोन मिनिटं. २३० व्होल्टवर चालणाऱ्या दोन हजार वॅटच्या धडधाकट कॉइलचा रोध सव्वीस ओहमच्या आसपास दिसतो. तुटली असेल तर मीटर काहीच दाखवत नाही. हे गणित तुम्हाला येतं असं चुकूनही दाखवू नका. ‘मीटर लावून बघता का?’ या प्रश्नाने चांगल्या चांगल्या मेकॅनिकांचे चेहरे पडलेले मी पाहिले आहेत. एखाद्याने विचारायच्या आधीच मीटर काढला, तर सावध व्हा. असा माणूस काम लवकर संपवून जातो आणि वर्षभर तोंड दाखवत नाही. त्याचा नंबर जपून ठेवण्यात अर्थ नाही.

माझ्याकडे एका थंडीत दोनदा कॉइल बदलली गेली. तिसऱ्यांदा दुसराच माणूस आला, झाकण काढलं, आणि कटआउटवरचं शेंगदाण्याएवढं बटण अंगठ्याने दाबलं. टक्क. दिवा लागला. मग त्याने सांगितलं की हे बटण आपणहून उडत नाही, थर्मोस्टॅट वेळेवर तोडत नाही म्हणून उडतं. थर्मोस्टॅट बदलला पाहिजे. मी त्याला विचारलं, मग त्या दोन कॉइल? तो काही बोलला नाही. व्यवसायबंधूंबद्दल एवढा आदर मी क्वचितच पाहिला आहे. काढलेल्या जुन्या कॉइल मी परत मागितल्याच नव्हत्या, त्यामुळे त्या खरंच गेल्या होत्या की कोणा दुसऱ्याच्या टाकीत आजही नेटाने पाणी तापवतायत, हे कळायला मार्ग नाही. तुम्हीही मागू नका. जळक्या कॉइलचं घरी काय करणार?

टाकीच गळायला लागली की दुरुस्ती संपली. आतून गंजलेली टाकी ठिगळाने टिकत नाही, एवढं तरी आपल्या कांडीने शिकवलंच. पण तुम्ही एकदा ठिगळ लावून घ्याच. आधी ठिगळाचे पैसे, मग नवीन गीझरचे, म्हणजे दोघांनाही न्याय मिळतो. आणि याच्या उलट, पाच वर्षांच्या धडधाकट टाकीचा फक्त थर्मोस्टॅट गेला असेल आणि समोरचा म्हणाला, ‘आता दुरुस्तीत पैसे घालू नका, नवीनच घ्या,’ तर लगेच होकार द्या. त्याच्या गाडीत नवीन गीझर तयारच होता, याला योगायोग म्हणतात.

नवीन घेताना माणसं किती, पाणी किती जड, वायर किती जाड हे बघायचं नसतं. रंग बघा. टाइल्सना जुळला पाहिजे. कोणी म्हणालं, टाकीच नको, झटपट तापवणारा छोटासा घ्या, तर शॉवर त्यालाच जोडा. तीन किलोवॅटचा हा जीव पाण्याचं तापमान पंचवीस अंशांनी वाढवायचं म्हटलं तर मिनिटाला पावणेदोन लिटरच्या आत-बाहेर देतो. शॉवर सहज आठ लिटर मागतो. त्या दोघांचं आपसात काय ठरतं ते तुम्ही खाली उभे राहून अनुभवा.

बसवून झालं की मेकॅनिक शिडीवरून उतरेल, हात पुसेल आणि वॉरंटीचं कार्ड देईल. टाकीवर इतकी वर्षं, कॉइलवर तितकी, आणि बारीक अक्षरात एक ओळ, की कांडी वेळोवेळी तपासून बदलली असेल तरच. ते कार्ड जुन्या गीझरच्या कार्डावर ठेवा. त्याच ड्रॉवरमध्ये. जाता जाता तो म्हणेल, ‘वर्षातून एकदा बोलवा, उघडून साफ करून देतो.’ तुम्ही म्हणाल, ‘हो हो, नक्की.’ तोही मान हलवेल. तुमचा नंबर त्याने लिहून घेतलेला नसतो आणि त्याचा नंबर तुम्ही ‘गीझरवाला’ नावाने ठेवता. त्या नावाचे तीन नंबर फोनमध्ये आधीच असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी असं कडकडीत येईल की जुन्याबद्दल अपराधीही वाटेल. काही महिने असेच जातील. मग एका सकाळी, साबण लावत असताना, वरून अगदी हलकेच टक असा आवाज येईल. नळ थोडा मोठा सोडा. ऐकू येणार नाही.